मुरमांचं कपाट

९ जानेवारी

मिरे,

आईंना माझा नमस्कार सांग. नाहीतर राहू दे, त्या तुझ्या शेजारीच कान देऊन बसलेल्या असणार. आई, नमस्कार करते.

आता दोघींनी हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच पुढे वाच. माझ्या तोंडावर मुरूम आलेत. या वयात! तू शाळेत होतीस तेव्हा तुझे गाल असेच भरले होते आणि नव्या नवरीने, म्हणजे मी, तुला आरशापासून लांब ठेवण्यात सगळी सुट्टी घालवली होती. आता भोग माझ्या वाट्याला आले. त्यात मी दिवसभर बसते कुठे, तर चष्म्याच्या दुकानात, चारी भिंतींना आरसे. परवा एका आजोबांना नवा चष्मा चढवला. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "बाई, जुनाच बरा होता." मालक हसून हसून आत गेले. मीही हसले.

तुझ्या हाताखाली अख्ख्या इस्पितळाचं औषध भांडार आहे, म्हणून तुलाच विचारते. मुरमांवर औषधं किती प्रकारची असतात? कुठलं कशासाठी? मार्चमध्ये तुमच्याकडे साठ्याची मोजदाद सुरू झाली की आई महिनाभर इकडे येणार. त्यांची नजर गेल्यापासून त्या हातानेच माणूस बघतात. आल्या आल्या माझ्या गालांवरून हात फिरवणार आणि म्हणणार, सुनेने तोंडाला वाळू काय म्हणून चिकटवलीय! तोवर गाल जागेवर यायला हवेत.

तुझा दादा मजेत आहे. त्याचा स्वतःच्या टकलाकडे बघून माझ्या मुरमांना हसायचा धीर होत नाही.

तुझी वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

कबूल केलं होतं, तरी हसलो. आईने पत्र दोनदा वाचायला लावलं आणि आजोबांच्या वाक्याला दोन्ही वेळा डोळे पुसले. ती सांगतेय ते जसंच्या तसं लिहिते: "तिला म्हणावं, लग्नात आली तेव्हा चेहरा असा होता की हात घसरायचा. कुणाची दृष्ट लागली असेल ते सांग, मी बघून घेते."

आता औषधांचं. तू नेमकी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. आमच्या भांडारात सध्या याच कपाटावरून महाभारत चाललंय. ऐक. मोठे गट दोन, लावायची आणि गिळायची. लावायच्यांत पहिली ती बुजलेली छिद्रं मोकळी करणारी, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली. दुसरी जंतू मारणारी. त्यांत अँटिबायोटिकची मलमं आली आणि ते बेंझॉइल पेरॉक्साइडही आलं, ज्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो. शिवाय वरची साल हलकेच सोडवणारी आम्लं. गिळायच्यांत अँटिबायोटिक, बायकांसाठी हार्मोनच्या गोळ्या, आणि सगळ्यांत जालीम ती अ जीवनसत्त्वाच्याच घरातली थोरली. ती पोटुशीने घेतली तर बाळाला भोगावं लागतं, म्हणून दिवस गेलेत का हे दहा वेळा विचारल्याशिवाय डॉक्टर ती लिहून देत नाहीत.

इथवर सोपं आहे. पण आमचे भांडारप्रमुख म्हणतात, औषध कशावर देतात ते बघून कपाट लावा. मी म्हणते, औषध मुळात काय आहे ते बघून लावा. तीच अँटिबायोटिक गोळी छातीच्या दुखण्यावरही देतात. ती मुरमांच्या कपाटात ठेवली तर छातीवाल्यांनी काय करायचं? हार्मोनची गोळी तर स्त्रीरोगाच्या कपाटातून हलायला तयार नाही. गेला आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, शिपायामार्फत बोलतो.

तुला मात्र आंधळेपणाने ट्यूब पाठवणार नाही. आधी सांग: पुटकुळ्यांच्या मध्ये काळी टोकं आहेत का, पार्लरवाल्या बायका ब्लॅकहेड्स म्हणतात ती? सगळ्या एकदम आल्या की हळूहळू? फक्त तोंडावर आहेत की आणखी कुठे?

मिरी

ता. क. हे आईला वाचून दाखवलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा तिच्यासमोर कुणाच्या तरी कॅन्सरचा विषय काढला. बाबा गेल्यापासून हा शब्द आपण घरात येऊ देत नाही, त्यांना काय माहीत! आई उठून आत गेली आणि दिवसभर जेवली नाही. म्हणून तुलाही सांगून ठेवते, चुकूनही पत्रात असलं काही लिहू नकोस. तुझं पाकीट तीच फोडते आणि पानं बोटांनी मोजते. एखादं गाळलं तर मला पकडते.


३० जानेवारी

मिरे,

विचारलंस म्हणून सांगते. काळी टोकं एकही नाहीत. सगळ्या एकाच आठवड्यात उगवल्या, एकाच मापाच्या, जणू कुणी पेरल्या. तोंडावर, छातीवर, थोड्या डोक्यात केसांमध्ये. खाज सुटते. नखांच्या कडाही दुखतात, चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवताना जीव जातो. तुझ्या पत्राआधीच शेजारणीच्या मुलीने तिची ट्यूब लावायला दिली होती. अशी आग झाली की मी बर्फ धरून बसले. अभ्र्याचा रंग मात्र उडाला, तुझं म्हणणं खरं.

तुझं आणि प्रमुखांचं भांडण मी दुकानात सांगितलं. मालक म्हणाले, आपण बरे, फ्रेमा एका बाजूला, काचा एका बाजूला.

बाकी औषध म्हणशील तर रोज सकाळी एक ताकदीची गोळी घेते. थकवा होता म्हणून डॉक्टरांनी दिली. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आई, तुम्ही येताना लोकरीचा स्वेटर आणा, इथे सकाळी गार असतं.

तुझी वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

सापडलं! तुझी ती ताकदीची गोळीच चोर आहे.

काळी टोकं नाहीत, सगळ्या एका मापाच्या आणि एकदम आलेल्या, म्हणजे हे खरे मुरूमच नव्हेत. मुरमांवरची औषधं सगळेच सांगतील, पण एक गट मुरूम आणणाऱ्या औषधांचाही असतो. स्टेरॉइड, फिटवरची काही, क्षयावरची काही, आणि असल्या ताकदीच्या गोळ्या, ज्यांत कोण काय कोंबतं देव जाणे. या गटासाठी मी प्रमुखांशी भांडून शेवटचा रिकामा कप्पा मिळवलाय. त्यात औषध ठेवायचं नाही, फक्त नावांची पाटी लावायची. आणि या गटावर उपाय एकच असतो: जे आणतं ते बंद करायचं. तेव्हा मलमं-बिलमं काही नको. ती गोळी बंद कर. मार्चपर्यंत तुझे गाल लग्नात होते तसे होतील, माझा शब्द आहे.

आई आज काही सांगायचं नाही म्हणाली. तुझं पत्र एकदाच ऐकलं आणि पडून राहिली. दुपारची झोप झाली नसावी. हे पत्र तिला न ऐकवताच पेटीत टाकते, टपाल निघायची वेळ झालीय.

मिरी


२ मार्च

मिरे,

शब्दाला जागलीस. चेहरा साफ झाला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं. नखंही बरी आहेत. काल ते आजोबा पुन्हा आले, मी मुद्दाम त्यांच्यासमोर उभी राहिले, तर म्हणाले, "आता नंबर बरोबर लागला."

आई, खोली आवरून ठेवलीय. खिडकीजवळचा पलंग तुमचा. लवकर या.

तुझी वहिनी


२० मार्च

वहिनी,

आई नाही तर घर खायला उठतंय. पहिले दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत बसले होते, एकटीच. आईने तुझे गाल तपासले का? काय म्हणाली? दादाला फोनवर विचारलं तर "सगळं ठीक" एवढंच. हा माणूस कधी दोन वाक्यं सलग बोलेल तर शपथ.

मोजदाद संपली. प्रमुखांनी हार मानली आणि कपाट माझ्या मनासारखं लागलं. तुझी गोष्ट मी भांडारात सगळ्यांना सांगितली, थोडं मीठमसाला लावून. त्या शेवटच्या कप्प्याच्या पाटीवर तुझ्या ताकदीच्या गोळीचंही नाव लिहायचंय. वेष्टनावर बघून कळव.

मिरी


२८ मार्च

मिरे,

हे पत्र तुला कुणाला वाचून दाखवायचं नाही. आई इथे खिडकीशी बसल्यात, म्हणून पहिल्यांदाच मला खरं लिहिता येतंय.

ती गोळी ताकदीची नव्हती. वेष्टनच सोबत घातलंय, त्यावर नाव आहे. तू ते वाचशील तेव्हा तुझं कपाट तुला सांगेलच, पण मीच सांगते. बाबांना जे झालं तेच मला झालंय. त्याच जागी, फुप्फुसात. गेल्या नोव्हेंबरात कळलं. तुझ्या दादाने आणि मी ठरवलं की आईंना कळू द्यायचं नाही, आणि तुला कळलं की तुझ्या आवाजावरून त्यांना कळणार. तू काही लपवू शकतेस का कधी?

गोळी तीच, जी बाबांना दिली होती. तू तेव्हा नोकरीच्या गावी होतीस. बाबा आमच्याकडे होते, आणि त्यांच्या तोंडावर अशाच पुटकुळ्या उठल्या होत्या. आई रोज संध्याकाळी त्यांना बोटाने मलम लावायच्या. नजर तेव्हाच गेली होती, तरी एकही पुटकुळी चुकायची नाही. तू आलीस तेव्हा गोळी बंद झाली होती आणि बाबांचा चेहरा साफ होता. म्हणून तुला हे ठाऊक नाही. पण आईंच्या बोटांना ठाऊक आहे. पत्रात थट्टा करून सांगितलं की त्यांच्या कानाला फसवता येईल, पण हाताला कसं फसवू? त्या हात लावणार आणि त्यांना कळणार, याच धास्तीने मी तुला विचारायला बसले. मला वाटलं, तुझ्या सगळ्या गटांत एखादं मलम निघेल, जे गोळी चालू असतानाही चेहरा साफ करील.

तू लिहिलंस, बंद कर. तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी त्या वाक्यावरून पुन्हा पुन्हा नजर फिरवली. औषधांतल्या माणसाने सांगितलंय, असं स्वतःला समजावलं. आई येऊन जाईपर्यंतच, मग पुन्हा सुरू करू. तुझा दादा सकाळी विचारायचा, घेतलीस? मी हो म्हणायचे. गोळ्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत साठतायत.

आई आल्या. गालांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "मऊ आहे गं," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं, मिरे, की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता खोकला वाढलाय. तू मला ओरड, पण आईंना कळू देऊ नकोस.

तुझी वहिनी


३१ मार्च

वहिनी,

सकाळपासून फोन करतेय. आई शेजारी आहे म्हणून तू नुसतं हो-नाही करतेस, तेव्हा लिहिते आणि हे जलद टपालाने पाठवते. गोळी आजच सुरू कर. आज. आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊन मध्ये किती दिवस घेतली नाहीस ते खरं सांग. दादाला मी सांगितलंय. त्याच्यावर चिडू नकोस.

मी भांडारात त्या गोळीचं खोकं रोज हाताळते. ती कॅन्सरच्या कपाटात आहे, मुरमांच्या कपाटापासून चार पावलांवर. तिच्या माहितीपत्रकात पहिल्या ओळींतच लिहिलंय की चेहऱ्यावर पुरळ येतं. काळी टोकं नसलेलं, एका मापाचं, नखं दुखवणारं. तू मला सगळं सांगितलं होतंस. मी कोडं सोडवल्याच्या खुशीत होते. एकदा तरी विचारायचं ना, गोळीचं नाव काय म्हणून! वॉर्डातल्या नर्सलाही मी औषधाचं नाव विचारल्याशिवाय साधी खोकल्याची बाटली देत नाही, आणि तुला सांगून मोकळी झाले, बंद कर.

आणि आणखी एक तुला कळायला हवं. त्या पुटकुळ्या येतात तेव्हा बऱ्याचदा गोळी लागू पडत असते. ते पुरळ चांगलं होतं, वहिनी. तू येऊ द्यायचं होतंस.

आईला परत आणल्यावर तुझी पत्रं भांडाराच्या पत्त्यावर पाठव.

मिरी


२४ एप्रिल

मिरे,

आई पोहोचल्याचं कळलं. त्या नाहीत तर खिडकी ओकीबोकी वाटते.

फोटो काढले. वाढलंय. पाठीच्या मणक्यातही दिसतंय. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, गोळी थांबवली म्हणून का? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सांगता येणार नाही. थांबवली नसती तरी वाढलं असतं कदाचित." कदाचित हा शब्द त्यांनी तुझ्यासाठी पाठवलाय असं समज आणि जवळ ठेव. मी तुला दोष देत नाही. वाक्य तुझं होतं, पण गोळी डबीत मी टाकली.

पुन्हा सुरू केलीय. आता रोज दुकानात गेल्यावर मी आरशात एकच बघते, एखादी पुटकुळी आली का. कपाळ बघते, नाकाच्या बाजू बघते. काही नाही, काचेसारखं साफ. डॉक्टर म्हणतात, प्रत्येकाला येतेच असं नाही, त्यावरून काही ठरवू नका. मी मान डोलावते आणि पुन्हा आरशाकडे जाते. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, तुमची कांती काय सुरेख आहे. अशा वेळी मला ओरडावंसं वाटतं.

तुझा दादा आता गोळी स्वतःच्या हाताने देतो आणि मी गिळेपर्यंत उभा राहतो. बोलत मात्र नाही.

तुझी वहिनी


१० मे

वहिनी,

आईला माहीत आहे. मी सांगितलेलं नाही. तिनेच मला सांगितलं.

काल तिचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, "तिचं दुसरं पत्र तू वाचलंस, नखं दुखतात म्हणाली, तेव्हाच मला कळलं. त्यांचीही दुखायची." मी कंगवा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मला ते ऐकायचं नव्हतं." म्हणून ती त्या दिवशी पडून राहिली होती. आणि मी त्याच दिवशी तुला ते पत्र लिहिलं, तिला न ऐकवता! नेहमीसारखं वाचून दाखवलं असतं तर तिने माझा हात धरला असता.

पुढचं लिहायला जड जातंय, पण ती म्हणते लिही. तुझा गाल मऊ लागला तेव्हा ती खूश झाली नव्हती. बाबांचं असंच झालं होतं. आधी पुटकुळ्या, मग चेहरा साफ, मग बाबा गेले. तिने तुझ्या गालावर हात इतका वेळ ठेवला तो खडबड शोधायला. कुठेतरी लागेल म्हणून. "मऊ आहे गं," म्हणाली, कारण तिला दुसरं काही बोलता येईना. शिवाय गालाचं हाड लागलं हाताला, ते निराळंच. महिनाभर ती खिडकीशी बसून तुझा खोकला ऐकत होती आणि तू तिच्यासाठी हसत होतीस.

आपण तिघी किती हुशार, वहिनी. कुणी कुणाला काही कळू दिलं नाही.

तिने स्वतः तो शब्द उच्चारला. बाबांनंतर पहिल्यांदा. मग म्हणाली, माझी पिशवी भर. मी शनिवारी तिला घेऊन येतेय, आणि ती परत यायची नाही, तिथेच राहणार. मी रजा मागितली. प्रमुखांनी कारण विचारलं नाही, म्हणाले, कपाटं पळून जात नाहीत.

मिरी


१७ जून

मिरे,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, हात दुखतो. दुकान सोडलं. मालकांनी निरोपाला एक आरसा दिला, लाकडी चौकटीचा. चांगला आहे, पण तुझ्या दादाने तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

आई इथे आहेत हे किती बरं आहे ते मला सांगता येत नाही. आता घरात सगळं मोठ्याने बोलतो. आजाराचं नाव, गोळीचं नाव, कुठे दुखतं, किती दुखतं. त्या जेवण टाळतील अशी भीती होती, पण त्या जेवतात, आणि मला धाक दाखवून जेवायला लावतात. तुझा दादाही बोलायला लागलाय. परवा आईंच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत होता. मी दाराबाहेरच थांबले, आत गेले नाही.

गोळी चालू आहे. महिनाअखेर पुन्हा फोटो काढतील. रोज सकाळी गोळी घेतली की आई पलंगाच्या कडेला बसतात आणि माझा चेहरा बघतात. दोन्ही हातांनी, सावकाश. भुवयांच्या मध्ये, नाकाच्या कडांना, कानामागे, केसांत. त्या काय शोधतात ते मला माहीत असतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. शेवटी म्हणतात, "नाही गं अजून," आणि हात मागे घेतात. मग त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असतात.

आज मला ते बघवलं नाही. मी म्हणाले, "आई, आली बघा एक. इथे, जबड्याखाली." त्यांचं बोट धरून तिथे नेऊन ठेवलं. तिथे काहीसुद्धा नव्हतं, मिरे. त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझा गाल थोपटला.

"हो गं," म्हणाल्या, "लागली हाताला. चांगली मोठी आहे."

तुझी वहिनी